चार वाजताची भूक

दुपारी चार वाजता मला काहीतरी होतं. काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पोटात होतं की छातीत, जिभेला होतं की हाताला, तेही कळत नाही. पूर्वी या सगळ्याला मी सरसकट भूक म्हणायचे आणि उठून डबा उघडायचे. आता माझ्या पोटाचा मोठा भाग डॉक्टरांनी कापून काढून टाकला आहे. उरलंय ते केळ्याएवढं असेल. त्या केळ्याला दीड वाजता व्यवस्थित जेवू घातलेलं असताना चार वाजता पुन्हा भूक लागायचं काही कारण नाही. तरी चार वाजतात आणि मी उठते.

आमचं घर कोथरूडमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. घरात आम्ही तिघं. मी, नवरा आणि सासूबाई. मुलगा शिकायला बंगळुरूला गेला. नवऱ्याचं ऑफिस मांजरीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी स्कूटरवरून जातो आणि संध्याकाळी परत येतो तेव्हा त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. मी एका विमा कंपनीचं काम घरून करते. लोकांनी चिडून पाठवलेल्या मेलना शांतपणे उत्तर द्यायचं, हे ते काम. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ हे वाक्य इतक्या वेळा लिहिलंय की एकदा भाजीत मीठ जास्त पडलं तेव्हा नवऱ्यालाही मी तेच म्हणाले. त्यानेही ‘धन्यवाद’ म्हणून जेवण संपवलं.

सकाळी अकराच्या सुमाराला लोक जास्त चिडलेले असतात. तेव्हाचं खाणं मला समजतं. कुणी तरी लिहितं की तुम्ही माणसं आहात का दगड, आणि माझा हात शेंगदाण्यांकडे जातो. त्यात गूढ काही नाही. चार वाजता मात्र मेल थंडावलेल्या असतात, सोसायटीत सामसूम असते, कुणाचा राग नसतो, काही बिघडलेलं नसतं. तेव्हाच जास्त खावंसं वाटतं. माझं टेबल हॉलच्या कोपऱ्यात आहे आणि खुर्ची मागे सरकवली की ती स्वयंपाकघराच्या दारालाच लागते. वास्तुशास्त्रात याला काय म्हणतात माहीत नाही.

ऑपरेशन मी बारीक दिसण्यासाठी केलं नाही, हे इथे सांगून टाकते, कारण सगळ्यांना तसंच वाटतं. मला साखर होती, बीपी होतं, ते कारण कागदावर ठीक होतं. खरं कारण जमीन होतं. कितीतरी वर्षं मी जमिनीवर बसलेच नव्हते. गौरीजेवणाला सगळ्या बायका पाटावर आणि मला खुर्ची, माझ्यापुढे स्टूल, स्टुलावर केळीचं पान. ती खुर्ची कुणी मला हिणवायला आणत नसे. सगळ्या प्रेमानेच आणत, मी आत पाऊल टाकायच्या आधी मांडून ठेवत. त्याचंच जास्त लागायचं.

मग एकदा पलंगाखालची बॅग काढायला म्हणून मी खाली बसले आणि मला उठता येईना. घरात सासूबाईच होत्या. त्यांनी शेजारच्या काकूंना हाक मारली आणि दोघींनी माझ्या काखेत हात घालून मला उभं केलं. सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "गॅसचं सिलिंडर परवडलं. त्याला धरायला कडी तरी असते." काकू हसल्या, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. त्या आठवड्यात मी डॉक्टरांची वेळ घेतली.

सासूबाईंना ऑपरेशन मुळीच पटलेलं नव्हतं. "धडधाकट पोट कापून घ्यायचं? का, तर तोंड बंद ठेवता येत नाही म्हणून?" एवढं एकदाच म्हणाल्या. नंतर त्यांनी तो विषय काढला नाही. त्या न बोलण्याचाही आवाज घरभर येत असे.

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे मी नुसत्या पातळ पदार्थांवर होते. डाळीचं पाणी, ताक, गाळलेलं सूप, तेही घोट घोट. मग डॉक्टरांनी मऊ भात चालेल असं सांगितलं. त्या सकाळी मी उठून बाहेर आले तर हॉलमध्ये पाट मांडलेला, शेजारी समई लावलेली, आणि सासूबाई कपाटाच्या वरच्या फळीवरून काढलेली चांदीची वाटी घासत होत्या. ती वाटी नवऱ्याच्या उष्टावणाची. त्याच वाटीत पुढे आमच्या मुलाचं उष्टावण झालं. मुलाने ती आपटली होती, त्याचा पोचा अजून काठाला आहे.

"आई, हे काय चाललंय?"

"डॉक्टर म्हणाले ना, पहिल्यांदा अन्न द्यायचंय. पहिलं अन्न कसं द्यायचं ते मला माहीत आहे. तुझ्या डॉक्टरांना नसेल."

"उष्टावण मामाने करायचं असतं," मी म्हणाले. मला हसू येत होतं आणि टाक्यांमुळे हसता येत नव्हतं.

"तुझे मामा सांगलीला. त्यांना धड ऐकू येत नाही. मीच मामा. बस."

पाटावर मला बसता येण्यासारखं नव्हतं तेव्हा. मी खुर्चीवरच बसले आणि त्यांनी उभ्याने मला चांदीच्या चमच्याने मऊ भात भरवला. तूप, मीठ, मेतकूट. तीन चमच्यांत पोट भरलं. चौथ्याला मी मान हलवली तेव्हा त्यांनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पदराने माझ्या तोंडाचा कोपरा पुसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी मला असा हात कधी लावला नव्हता.

त्यानंतरचे महिने विचित्र गेले. भूकच लागेना. लोक मला म्हणत, किती भाग्यवान आहेस. वजन उतरत होतं, साखर उतरली, गोळ्या कमी झाल्या. पण दिवस मात्र लांबच लांब झाला. पूर्वी चहाबरोबर काय, मग अकराला काय, जेवायला काय, मग चारला काय, अशा टप्प्यांनी दिवस पार पडत असे. आता कुठे थांबायचं तेच कळेना. दुपारी मी खुर्चीत बसून खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघायचे. मला कंटाळा आलाय हे कळायलासुद्धा मला बराच वेळ लागला, कारण कंटाळ्याची आणि माझी आधी भेटच झालेली नव्हती. तो यायच्या आत मी काहीतरी तोंडात टाकत असे.

पण एक गोष्ट झाली. एका दुपारी मी बाल्कनीच्या दाराशी उन्हात सहज खाली बसले आणि मांडी घातली गेली. मग हात न टेकता उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले. सासूबाई आतून म्हणाल्या, "काय चाललंय, जोर काढतेयस का?" मी त्यांना बोलावलं. त्याही येऊन भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांनाही जमिनीवर बसायची हौस, पण त्यांचे गुडघे असे की खाली बसता येतं, उठता येत नाही. उठवायला कुणी असेल तरच बसायचं, असा त्यांचा नियम. त्यांचा मुलगा दिवसभर घरात नाही आणि सून स्वतःच सिलिंडर, त्यामुळे त्याही खुर्चीलाच खिळलेल्या होत्या. त्या दिवशी मी त्यांना दोन्ही हात धरून उठवलं. दुसऱ्या दिवशी त्या बरोबर त्याच वेळी येऊन, भिंतीला टेकून खाली बसल्या.

वर्ष उलटलं आणि ते चारचं काहीतरी परत आलं. जेवायला बसले तर अर्धी पोळी जड व्हायची. पण कुरमुऱ्यांचा चिवडा असला की पोटाला पत्ताच लागत नसे. मूठ मूठ करत डब्याचा तळ दिसायचा आणि पोट म्हणायचं, मला कुणी काही दिलेलंच नाही. हे कसं होतं ते मला दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीने समजावून सांगितलं होतं. मऊ, कोरडं, चटकन विरघळणारं खाणं या छोट्या पोटातून सरळ घसरून जातं, थांबत नाही, म्हणून पोट भरल्याचं कळत नाही. तेव्हा मी मान डोलावली होती. डब्यापुढे उभं राहिल्यावर ते काही आठवत नसे.

तिने उपायही सांगितले होते. खावंसं वाटलं की आधी पाणी प्या. मी प्यायचे, आणि मग खायचे. दहा मिनिटं थांबा. मी घड्याळाकडे बघत थांबायचे आणि थांबल्याचं बक्षीस म्हणून खायचे. चक्कर मारून या. मी खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारू लागले, तर पहिल्या मजल्यावरचे काका खिडकीतून म्हणाले, "काही हरवलंय का? की आम्हाला दाखवायला चाललंय?" दुसऱ्या दिवसापासून मी जिन्यात चढउतार करू लागले. स्वतःला विचारा, ही पोटाची भूक आहे की मनाची, असंही तिने सांगितलं होतं. मी विचारायचे. आतून कुणी उत्तर द्यायचं नाही.

अशाच एका सोमवारी मी डब्यापाशी उभी होते आणि सासूबाई पाणी प्यायला आत आल्या. त्यांचा सोमवार, संकष्टी, एकादशी, सगळे उपास वर्षानुवर्षं चालू आहेत. चिवड्याच्या उघड्या डब्याजवळून त्या गेल्या आणि त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"आई, तुम्हाला खावंसं वाटत नाही?"

"उपास आहे."

"ते झालं. पण वाटत नाही का?"

"उपास आहे म्हटलं ना," त्या म्हणाल्या आणि पेला पालथा घालून गेल्या.

मला त्यांचा हेवा वाटला. त्यांचं सगळं प्रकरण तिथे मिटलेलं होतं. खावं की न खावं, भूक खरी की खोटी, हे त्यांच्याऐवजी दुसऱ्याच कुणी तरी ठरवून ठेवलेलं. मी रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं की पुढच्या सोमवारपासून मीही उपास करणार. नवरा म्हणाला, "तू एरवी तरी कुठे काय जेवतेस?" सासूबाई एवढंच म्हणाल्या, "झेपेल का?" पण रविवारी संध्याकाळी मी बघितलं तर साबुदाणा भिजत घातलेला होता, नेहमीच्या दुप्पट.

आणि खरोखर, सोमवारी माझा हात चिवड्याकडे गेला नाही. मला इतका अभिमान वाटला की मी डबा उघडून आत बघितलं आणि पुन्हा बंद केला. सासूबाईंच्या अंगात तर उत्साह संचारला. साबुदाण्याची खिचडी माझ्या घशाशी अडकते हे पहिल्याच सोमवारी कळलं, तर त्यांनी माझ्या पोटाला सोसेल असा वेगळा फराळच शोधून काढला. साबुदाण्याची पातळ खीर. वरीचे तांदूळ आसट करून त्यावर शेंगदाण्याची आमटी. शिंगाड्याची लापशी. दुधात कुस्करलेला राजगिऱ्याचा लाडू. रताळं उकडून, तुपावर परतून, बोटाने मोडेल असं. "डॉक्टर म्हणाले ना, थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा," असं म्हणत त्या दर थोड्या वेळाने चांदीची वाटी माझ्या टेबलावर आणून ठेवत. वाटी इवलीशी. तिच्यात मावून मावून किती मावणार?

चारच्या सुमाराला शेवटची वाटी बाल्कनीच्या दाराशी. आम्ही दोघी खाली बसलेल्या, मधे वाटी, त्यांच्यापुढे त्यांची बशी. तेव्हा त्या बोलत. सासरे असताना बरोबर चारला ऑफिसातून फोन करायचे, आज काय आहे म्हणून विचारायला, आणि सहाला यायचे ते तेच खायला. त्यांच्यासाठी रोज काहीतरी ताजं करायचं हे ठरलेलं. "नुसतं काय आहे ते सांगायला मी दिवसभर विचार करायचे," त्या म्हणायच्या. मी ऐकत खायचे. इतक्या वर्षांत आमच्या दोघींत इतकं बोलणं झालं नव्हतं. मी सोमवारला गुरुवार जोडला. मग संकष्टी, मग एकादशी. उपास नसलेल्या दिवशी मी पुढच्या उपासाची वाट बघायचे. ती वाट कशाची होती, हेही मला नीट सांगता येणार नाही. वाटीची की बोलण्याची?

वजन वाढायला लागलं तेव्हा मला वाटलं काटा बिघडला. नवऱ्याने काटा एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर ठेवून बघितला. मग मला वाटलं थायरॉइड असेल. मग वाटलं पाणी साठतंय. उपास वाढवून बघितले, तर वजन आणखी वाढलं. मी चिवडा सोडला होता, कुरमुरे सोडले होते, निम्मा आठवडा उपाशी काढत होते, आणि अंगावरचे कुडते पुन्हा काखेत काचायला लागले होते. मी खरंच गोंधळून गेले. आपण आता हवा खाल्ली तरी जाड होणार, अशी माझी खात्री होत चालली होती. एका दुपारी मांडी घालताना उजवा गुडघा दुखला. मी सासूबाईंना काही बोलले नाही. पण त्या रात्री मला स्वच्छ दिसलं की खुर्ची पुन्हा येणार आहे. आधी मला येईल, मग त्यांना.

मी दवाखान्यात वेळ घेतली. आहारतज्ज्ञ मुलगी माझ्या मुलाहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. हसरी, भराभर टाइप करणारी.

"मॅम, लास्ट टाइम तुम्ही म्हणाला होतात बोअर झालं की स्नॅकिंग होतं. ते कसं आहे आता?"

"बंद झालं," मी म्हणाले. "पूर्ण."

"अरे वा, सुपर. मग आपण वीकचं बघू या. मंडेला काय खाल्लं?"

"सोमवारी काही नाही. उपास होता."

"ओके. ट्यूसडे?"

मी मंगळवारची अर्धी पोळी, वाटीभर उसळ, ताक सांगितलं. बुधवारही तसाच. गुरुवारी उपास. शुक्रवारी पुन्हा पोळी आणि उसळ. शनिवारी संकष्टी. ती टाइप करत होती. मग तिने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत स्क्रीनकडे.

"मॅम, हे जुळत नाहीये. इतकं कमी खाऊन वेट वाढूच शकत नाही."

"तेच तर मी म्हणतेय," मी म्हणाले. माझे डोळे भरून आले होते. तिने मला पाणी दिलं. मग ती जरा संकोचून म्हणाली, "मॅम, माझी आजी पण खूप उपास करते. तिची शुगर ना, उपासाच्या दिवशीच सगळ्यात जास्त येते." आणि मग तिने मला विचारलं, "उपासाला तुम्ही काय घेता?"

मी सांगायला लागले. खरं तर कौतुकाने सांगायला लागले. सकाळी खीर, पण अगदी छोटी वाटी. मग वरीचे तांदूळ, त्यावर शेंगदाण्याची आमटी, सासूबाई काय सुंदर करतात. मग लापशी. मग राजगिऱ्याचा लाडू, पण दुधात कुस्करून. मग चारला रताळं. रताळ्यापर्यंत आले आणि माझा मला आवाज ऐकू आला. ती टाइप करायची थांबली होती. तिने मला काही म्हटलं नाही, ती चांगली मुलगी आहे. मी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली.

कुणी शिकवलं मला हे? उपासाला खाल्लेलं खाणं नसतं, असं आमच्या घरी कुणी कधी म्हटलेलं नाही. शिकलेली बाई आहे मी, विम्याच्या अटी वाचून दाखवते लोकांना. पण ते हाडात असावं, कारण मी त्या मुलीशी खोटं बोलले नव्हते. खरोखरच काही खाल्लेलं नाही, असंच मला वाटत होतं. रिक्षात बसल्यावर मला राग आला. त्या मुलीचा, साबुदाण्याचा, स्वतःचा. कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा तो रागही ओसरला आणि नुसता गोंधळ उरला. मी भूक आवरत होते, की तिला फक्त पूजेचे कपडे घातले होते? आणि हे आता घरी कसं सांगायचं?

घरी मी ते वाईट तऱ्हेने सांगितलं.

"आई, मी उपास सोडतेय."

"का?"

"वजन वाढतंय."

"उपासाने?"

"उपासाच्या खाण्याने."

"म्हणजे माझ्या," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हणायला हवं होतं, पण तेही खोटं झालं असतं. दुसऱ्या दिवशी चांदीची वाटी घासून, पुसून, फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर गेलेली होती. सासूबाई बोलत होत्या, पण ते बोलणं नोटीस बोर्डावरच्या सूचनांसारखं होतं. "दूध आलंय." "इस्त्रीचे कपडे दारात आहेत." स्वतःपुरता त्या थोडासा साबुदाणा भिजवत, मुठीत मावेल एवढा. चार वाजता त्यांच्या खोलीचं दार बंद. मी बाल्कनीच्या दाराशी एकटी जाऊन बसले तर मला नुसते समोरचे वाळत घातलेले कपडे दिसले. खाऊ नये हे आता मला पक्कं कळलं होतं. काय करावं हे कळत नव्हतं. माझी मांडी वाचवायची तर त्यांचा दिवस मोडायचा, आणि त्यांचा दिवस राखायचा तर वाटी पुन्हा खाली काढायची. आणि वाटी खाली आली की काही महिन्यांत माझी खुर्चीही येणार, आणि मग त्यांना उठवणार कोण?

पुढच्या सोमवारी चार वाजता मी उठले. डब्याकडेच निघाले होते, दुसरीकडे कुठे निघाले होते असं म्हणणार नाही. स्वयंपाकघरात सासूबाई उभ्या होत्या. माझ्याकडे पाठ. ओट्यावर चिवड्याचा डबा उघडा, आणि त्या खात होत्या. घाईने नाही, चोरून नाही. खिडकीबाहेर बघत, एकेक मूठ.

"आई," मी म्हणाले. "आज सोमवार आहे."

त्यांनी हाताकडे बघितलं. मुठीत कुरमुरे होते. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मी पुढे झाले.

"मला कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी पाणी प्यायला आले होते."

"असू दे."

"असू दे काय? इतकी वर्षं कधी मोडला नाही." त्यांनी मूठ उघडून कुरमुरे डब्यात परत टाकले, मग ते उष्ट्या हाताचे म्हणून पुन्हा वेचायला लागल्या. मी डबा त्यांच्या हातातून काढून घेतला, झाकण लावलं आणि त्यांना धरून बाहेर आणलं. सवयीने आम्ही बाल्कनीच्या दाराशीच गेलो. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. मी समोर बसले. मधे काहीच नव्हतं.

"भूक लागली होती का?" मी विचारलं.

"छे. आता दोनला तर रताळं खाल्लं."

"मग?"

त्यांनी बराच विचार केला. त्या काहीही उत्तर देऊन मोकळ्या झाल्या असत्या तर मला समजलं असतं, पण त्यांनी खरोखर विचार केला. "चार वाजले होते," त्या म्हणाल्या.

समोरच्या गच्चीवर एक बाई कपडे काढत होती. तिने सगळे काढून नेले आणि दोरी मोकळी झाली.

"तुला काय होतं गं चार वाजता?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत कुणी मला हे असं विचारलं नव्हतं, उत्तर आधी ठरवल्याशिवाय.

"कळत नाही, आई."

"मला वाटलं तुला तरी कळत असेल," त्या म्हणाल्या. "तू डॉक्टरांकडे जातेस."

मला हसू आलं. मग त्यांनाही आलं, पण डोळे पुसत. आम्ही बसून राहिलो. हाताला काही काम नव्हतं, तोंडाला नव्हतं, आणि बोलायलाही फारसं सुचत नव्हतं. वाटीशिवाय बोलायची आम्हाला सवयच नव्हती. पोटात ते काहीतरी होत होतं आणि त्याला काय म्हणायचं ते मला कळत नव्हतं. ते आलं, बराच वेळ राहिलं, आणि कधी तरी जरा बाजूला झालं. गेलं असं म्हणणार नाही.

पाच वाजायला आले तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे दोन्ही हात पुढे केले. मी मांडी सोडली. उजव्या गुडघ्यात कळ आली, पण हात न टेकता मला उठता आलं. मी त्यांचे हात धरले. "आज येतंय उठवता," मी म्हणाले, आणि त्यांना वर ओढलं.